एकेचाळीस रिकाम्या नोंदी

दोन बहिणींनी मिळून काढलेली कंपनी वेगळी करायचं ठरलं, तेव्हा आधी खुर्च्या मोजल्या गेल्या, मग टेबलं. पाणी तापवायची किटली कुणाची, यावर पाऊण तास गेला. आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की अरे, कंपनी म्हणजे मुळात कोड आहे, तो कोण वाटणार?

सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं.

भावोजी म्हणजे थोरलीचे, ताईचे नवरे, म्हणून धाकटीचे भावोजी. पण धाकटी ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा "भावोजी" अशी हाक मारायची, त्यामुळे हळूहळू नऊच्या नऊ माणसं त्यांना भावोजीच म्हणायला लागली. मग कुरिअरवाला म्हणायला लागला. एकदा तर भर मीटिंगमध्ये खुद्द बायको म्हणाली होती, "भावोजी, तो प्रिंटर बघा जरा." सगळं ऑफिस पोट धरधरून हसलं. भावोजी तेवढे हसले नाहीत, कारण ते प्रिंटर बघायला गेले होते. असा माणूस. काम दिसलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

कंपनी दोन गोष्टी विकायची. एक प्रोग्रॅम दातांच्या दवाखान्यांसाठी आणि दुसरा लाँड्र्यांसाठी. दातांचा आणि कपड्यांचा काय संबंध, असं विचारू नका. अकरा वर्षांपूर्वी ताईला एक डेंटिस्ट भेटले आणि धाकटीला एक लाँड्रीवाली भेटली, एवढाच संबंध. तारखा, पावत्या, गिऱ्हाइकाला आठवणीचे मेसेज हे दोन्हीकडे लागायचं, म्हणून त्याचा एक सामाईक भाग होता. आणि भांडण झालं ते या सामाईक भागावरूनच.

धाकटीने लाँड्रीचा मेसेज नवा लिहिला आणि चुकून दोन्हीकडे लागू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तीनशे बारा दंतरुग्णांच्या फोनवर आलं, 'आपला माल धुऊन, इस्त्री करून तयार आहे. कृपया सातच्या आत घेऊन जावा.' बहुतेकांनी हसून सोडून दिलं. पण एका आजोबांची नवी कवळी नेमकी त्याच दिवशी मिळायची होती. ते तरातरा दवाखान्यात गेले आणि म्हणाले, माझ्या कवळीला इस्त्री करायला सांगितली कुणी? डॉक्टरांनी ताईला फोन केला. ताईने फोन ठेवला, केबिनबाहेर आली आणि नऊ माणसांसमोर धाकटीला म्हणाली, "तुला एक काम कधी धड जमलंय का गं? आयुष्यभर तुझंच निस्तरत आलेय मी."

बोलायला नको होतं. तोंडातून गेलं ते गेलं. धाकटीने पर्स उचलली आणि ती निघून गेली. चौथ्या दिवशी वकिलाचा कागद आला. दवाखाने ताईचे, लाँड्र्या धाकटीच्या, सामाईक भागाची एकेक प्रत दोघींना. दोन महिन्यांनंतरच्या एका शुक्रवारी दुपारी बाराला दोन्ही भाग दोघींच्या हवाली करायचे आणि मूळ रिपो कायमची पुसायची, म्हणजे एकीकडे दुसरीचं काही राहायला नको.

ही शेवटची ओळ भावोजींनी तीनदा वाचली.

रिपो म्हणजे काय, हे त्यांना विचारलंत तर ते सांगतील की ती एक वही असते. कोडमध्ये इकडची काडी तिकडे केली तरी त्या वहीत नोंद पडते, कुणी केली, कधी केली, का केली. अकरा वर्षांत अशा सहा हजार चारशे अठरा नोंदी पडल्या होत्या. ही वही मधोमध फाडून चालणार नव्हतं. एकेक नोंद उचलून बघायची, दातांची असेल तर इकडे, कपड्यांची असेल तर तिकडे, सामाईक असेल तर दोन्हीकडे. हे हाताने करायला बसलं तर माणूस म्हातारा होईल. म्हणून शेल स्क्रिप्ट. चार-सहा डझन ओळी लिहायच्या, एंटर दाबायचं, बाकीचं यंत्र बघून घेतं. आणि जे या वाटणीतून निसटेल ते बारा वाजल्यानंतर जगात कुठेच नसणार.

आता खरं सांगायचं तर भावोजींना कोडची धास्ती नव्हतीच. त्यांना सख्खं भावंड नाही. बहीण म्हणावी अशी जी काय होती ती ही उसनी धाकटी. ती त्यांच्या घरात रोज संध्याकाळी टपकायची, त्यांच्या ताटातलं उचलून खायची आणि त्यांच्या शर्टांना नावं ठेवायची. महिना उलटला, ती घरी फिरकली नव्हती. बायको तिचं नाव काढायची नाही आणि अर्धं ताट टाकून उठायची. या दोघी अशाच रागात सुटल्या तर पुन्हा जवळ यायच्या नाहीत, दोघीही हट्टाला पेटल्या की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, हे भावोजी ओळखून होते. भीती होती ती याची.

त्यांनी स्क्रिप्टचे दोन भाग केले. पहिल्याचं नाव 'तोड', दुसऱ्याचं 'जोड'.

"जोड कशाला?" बायकोने चहा पिता पिता विचारलं.

"तपासायला," भावोजी म्हणाले. "तोडलेलं परत जोडून बघायचं. जोडलेलं जर मुळासारखं तंतोतंत निघालं, तर मधे काही सांडलं नाही असं समजायचं."

"एवढंच ना?"

"एवढंच."

हे खोटं नव्हतं. अगदी पुरतं खरंही नव्हतं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग कप विसळायला गेली.

तीन आठवडे त्यांनी त्या स्क्रिप्टचा पिच्छा पुरवला. पहिल्यांदा चालवली तेव्हा तिने चार तास घेतले आणि शेवटी एका फाइलपाशी फतकल मारून बसली. का, तर धाकटीने सात वर्षांपूर्वी फाइलच्या नावात मोकळी जागा सोडली होती, आणि शेलला मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं, ही दोन वेगळी नावं. भावोजींनी सगळीकडे अवतरणचिन्हं घातली. दुसऱ्यांदा चालवली तेव्हा जोडताना क्रम चुकला. एक सबंध महिना धाकटीच्या लॅपटॉपचं घड्याळ एक वर्ष मागे होतं, त्यामुळे तिने केलेल्या दुरुस्त्या मूळ चुकांच्या आधी लागत होत्या. मग भावोजींनी तारखांचा नाद सोडला आणि प्रत्येक नोंदीच्या तळाशी तिचा मूळ क्रमांक लिहून ठेवायची युक्ती काढली. जोडताना तोच बघायचा. एकच क्रमांक दोन्ही भागांत सापडला, तर ती सामाईक नोंद समजून एकदाच घ्यायची.

ही युक्ती जमली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते कुणाला तरी सांगायला उठले. ताईच्या केबिनपर्यंत गेले, मग धाकटीच्या खोलीपर्यंत गेले. ताई फोनवर होती आणि धाकटी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. शेवटी त्यांनी ही बातमी किटलीजवळ उभ्या असलेल्या टेलिफोनवालीला सांगितली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम होतं तिचं, ऐकून घ्यायची सवय होती. ती म्हणाली, "वा, छान," आणि दूध ओतलं.

दोघी बहिणी या काळात एकमेकींशी बोलत होत्या, नाही असं नाही. पण भावोजींच्या तोंडून. "तिला सांग, कपाटाची किल्ली दे." "भावोजी, तिला म्हणावं, किल्ली कपाटालाच आहे." "तिला सांग, मला दिसली नाही." मधे फक्त एक काचेची भिंत होती आणि दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू यायचं. तरी भावोजी इकडून तिकडे जायचे, निरोप सांगायचे, परत यायचे. त्यांच्या चपला झिजल्या असतील.

गुरुवारी स्क्रिप्ट अकरा मिनिटांवर आली. शुक्रवारी सकाळी नऊला भावोजींनी शेवटची तालीम घेतली. तोडलं, जोडलं, आणि जोडलेल्या फाइली मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. एका अक्षराचाही फरक नाही! त्यांनी खुर्चीत मागे रेलून हात डोक्यामागे घेतले. दुसरा कोणी असता तर उठून चहा प्यायला असता.

पण भावोजींना एक खोड. फाइली जुळल्या तरी ते नोंदी मोजतात. मूळ वहीत सहा हजार चारशे अठरा. जोडलेल्या वहीत सहा हजार तीनशे सत्त्याहत्तर.

एकेचाळीस नोंदी गायब.

फाइली सगळ्या जशाच्या तशा आणि नोंदी एकेचाळीस कमी? हे कसं शक्य आहे? त्यांनी पुन्हा चालवलं. पुन्हा एकेचाळीस. मग ते स्क्रिप्ट ओळीओळीने वाचत खाली आले आणि एका ओळीपाशी थांबून त्यांनी कपाळावर हात मारला. ती ओळ त्यांचीच होती, पहिल्या दिवशी लिहिलेली. दातांचा भाग वेगळा काढला की लाँड्रीच्या नोंदी तिथे रिकाम्या उरतात, त्यात काही बदलच नसतो. असा पाचोळा कशाला ठेवायचा, म्हणून त्यांनी यंत्राला सांगून ठेवलं होतं की जी नोंद रिकामी दिसेल ती टाकून दे. यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकतं. जी नोंद तोडल्यामुळे रिकामी झाली ती त्याने टाकली, आणि जी पहिल्यापासूनच रिकामी होती तीही टाकली. इकडूनही, तिकडूनही.

पण पहिल्यापासून रिकामी नोंद कोण करेल? काही बदललंच नाही तर वहीत लिहायचं काय?

त्यांनी मूळ वहीतून त्या एकेचाळीस नोंदी काढल्या. सगळ्या पहिल्या दोन वर्षांतल्या, भावोजी कंपनीत यायच्या आधीच्या. तेव्हा दोघींची मिळून एक खोली आणि एक कॉम्प्युटर होता. दिवसा धाकटी बसायची, ताई आपली नोकरी उरकून संध्याकाळी यायची. ताईच्या नोकरीत फोन दारावरच जमा करावा लागे आणि धाकटीचा फोन चार्ज केलेला असेल तर शपथ. तेव्हा दोघी एकमेकींना निरोप ठेवायच्या ते वहीतच, कारण कामाला बसलं की आधी वही उघडायची हा नियम होता.

ताई: कोड बदललेला नाही. दूध फ्रीजमध्ये ठेवलंय. बघत बसू नकोस, पी.

धाकटी: कोड बदललेला नाही. प्यायले. थोडं मांजराला दिलं. मांजर आपलं नाही, पण आलं होतं.

ताई: कोड बदललेला नाही. डॉक्टर प्रोग्रॅम नको म्हणाले म्हणून रडत बसलीस ना? टेबलावर रुमालांचा ढीग आहे. अगं, शहरात काय एकच डॉक्टर आहे का?

भावोजी गालातल्या गालात हसत खाली खाली जात होते. सगळ्यात शेवटच्या दोन नोंदींपाशी त्यांचं हसू थांबलं आणि कान तापले.

ताई: कोड बदललेला नाही. आज मुलाखतीला एक जण आला होता. बावळट आहे, पण काम नीटनेटकं आहे. शर्ट भयंकर.

धाकटी: कोड बदललेला नाही. कामावर ठेवायचाय की लग्न करायचंय, ते आधी ठरव.

बावळट! भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी मागे उभं नव्हतं. मग त्यांनी वगळलेल्या मधल्या नोंदी वाचायला घेतल्या, आणि सत्तावीस-अठ्ठाविसावर आल्यावर ते हलेचनात. ते दोनदा वाचून त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा.

करार त्यांना तोंडपाठ होता. दातांच्या फाइली हिच्या, कपड्यांच्या तिच्या. पण या नोंदींनी एकाही फाइलला हात लावलेला नव्हता, म्हणजे करारानुसार त्या कुणाच्याच नव्हत्या. एखाद्याने सोडून दिल्या असत्या. भावोजींना ते जमणार नव्हतं. सहा हजार चारशे अठरा म्हणजे सहा हजार चारशे अठरा.

ते काचेच्या भिंतीपाशी जाऊन दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जरा दोघी माझ्या टेबलाशी या. मालक विचारायचाय."

"तिला सांग, मी कामात आहे," ताई म्हणाली.

"मी आता कुणाला काही सांगणार नाही," भावोजी म्हणाले. "दोन महिने सांगतोय. पाय दुखले माझे. या."

भावोजींचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. टेलिफोनवालीने गिऱ्हाइकाला "एक मिनिट हं" म्हणून फोन बाजूला धरला. ताई बाहेर आली, धाकटीही आली, हाताला चिकटपट्टीचा तुकडा तसाच. दोघी टेबलाच्या दोन कडांना उभ्या राहिल्या. भावोजींनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि गणित सांगितलं. एकेचाळीस नोंदी आहेत, कुठल्याच भागात बसत नाहीत, कुणाला देऊ ते सांगा, नाहीतर बाराला पुसल्या जातील.

"रिकाम्या आहेत तर जाऊ देत की," ताई म्हणाली आणि वाचायला लागली.

दुधापाशी तिच्या ओठाचा कोपरा हलला. मांजरापाशी धाकटी म्हणाली, "ते नंतर तीन महिने यायचं," कुणाला उद्देशून ते कळलं नाही. ताई वाचत खाली आली आणि सत्ताविसाव्या नोंदीवर थांबली.

धाकटी: कोड बदललेला नाही. सगळा आठवडा पुसला गेलाय, म्हणजे काल तू चुकीचं बटण दाबलंस. लाँड्रीवाल्या बाई आल्या होत्या, खूप बोलल्या. मी सांगितलं माझ्या हातून झालं. तू त्यांच्याशी काही बोलू नकोस, त्यांना तुझ्यावर भरवसा आहे, तो राहू दे. मी परत लिहून काढते.

आणि त्याखाली अठ्ठाविसावी.

ताई: कोड बदललेला नाही. हे मी आयुष्यात विसरणार नाही.

 ताईने खुर्ची ओढली, पण बसली नाही, नुसती पाठ धरून उभी राहिली.

"विसरले गं," ती म्हणाली. "साफ विसरले."

"जाऊ दे, जुनं आहे," धाकटी हातावरची चिकटपट्टी सोलत म्हणाली.

"जाऊ दे काय? नऊ माणसांसमोर बोलले मी तुला." आणि ताई तिथल्या तिथे वळली. "ऐका सगळे. टेलिफोन ठेव गं जरा. त्या दिवशी मी म्हणाले ना, आयुष्यभर हिचं निस्तरत आलेय म्हणून? ते खोटं आहे. पहिल्या वर्षी मी आख्ख्या आठवडाभराचं काम पुसून टाकलं होतं. हिने ते स्वतःच्या अंगावर घेतलं, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या आणि सगळं पुन्हा लिहून काढलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. चुकलं माझं. हिची माफी मागते मी, तुम्हा सगळ्यांसमोर."

 धाकटीचे डोळे भरून आले होते, आणि ती ते लपवतही नव्हती.

"ताई, पुरे. लोकांना कामं आहेत."

"मग राहतेस ना?" ताईने विचारलं.

भावोजी खुर्चीत पुढे सरकले. त्यांना वाटलं, आता 'तोड' पुसून टाकायची, 'जोड' ठेवायची, की झालं.

"नाही," धाकटी म्हणाली.

टेलिफोनवालीने मान खाली घातली.

"मला माझं करून बघायचंय गं. आधीपासूनच होतं मनात, तुला सांगायचा धीर होत नव्हता. मग भांडण झालं आणि सोपं झालं. पण असं रागाने जायचं नव्हतं. रोज सकाळी उठले की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. आता नाही होणार."

ताईने तिच्याकडे पाहिलं. ऐकायला जड जात होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने नाक ओढलं.

"किटली ने," ती म्हणाली.

"किटली गळते."

"म्हणूनच ने."

धाकटी रडता रडता फस्सकन हसली. भावोजी मात्र पडद्याकडे बघत होते. तीन आठवडे ते 'जोड'लाच घासूनपुसून लखलखीत करत बसले होते, या दोघी वेगळ्या होऊ नयेत म्हणून. आणि कुणी विचारलंच नव्हतं की वेगळं होणं एवढं वाईट आहे का. धाकटीला नीट जायचं होतं, एवढंच. म्हणजे खरं काम 'तोड'चं होतं. गाढवच मी, असं ते मनाशी म्हणाले, आणि त्यांना त्याचं काही वाईटही वाटलं नाही.

"नोंदींचा मालक कोण ते सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"माझ्या," दोघी एकदम म्हणाल्या.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस?"

"हो. मला सगळ्या हव्यात," ताई म्हणाली.

"मलापण. आणि तिच्यात आहेत म्हणून माझ्यातल्या कमी करायच्या नाहीत," धाकटी म्हणाली.

मग काय, सोपंच होतं. भावोजींनी ती नतद्रष्ट ओळ बदलली. तोडल्यामुळे रिकामी झालेली नोंद टाक, पहिल्यापासून रिकामी असलेली नोंद सामाईक समज आणि दोन्हीकडे ठेव. साडेअकरा वाजले होते. ताईने धाकटीला कोपराने ढोसलं, "तू दाब." धाकटीने डोळे पुसलेल्याच हाताने एंटर दाबलं.

अकरा मिनिटं लागणार होती. दोघींनी भावोजींच्या शेजारचा कॉम्प्युटर ओढला, एकाच खुर्चीवर अर्धी-अर्धी बसल्या आणि पहिल्या नोंदीपासून मोठ्याने वाचायला लागल्या. मांजर कुठल्या रंगाचं होतं यावर वाद झाला. शर्टापाशी आल्या तेव्हा दोघींनी एकदम वळून भावोजींच्या अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं आणि अशा काही खिदळल्या की टेलिफोनवालीला गिऱ्हाइकाची क्षमा मागावी लागली. ताईने हसता हसता धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते तिथेच ठेवलं.

भावोजी आकडे बघत होते. सहा हजार चारशे सोळा, सतरा, अठरा. इकडे दातांची वही तयार झाली, तिकडे कपड्यांची, दोन्हीत एकेचाळीस-एकेचाळीस. कुठे काही सांडलं नव्हतं. अकरा वर्षांची कंपनी व्यवस्थित दोन झाली होती.

"झालं," भावोजी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. त्या दोघी पुन्हा पहिल्यापासून वाचत तेविसाव्या नोंदीवर आल्या होत्या. भावोजींनी पुन्हा सांगितलं नाही.